पेटी, लोकल आणि पुस्तक: मुंबईत नव्याने साथसंगत करणाऱ्यांसाठी दिवसाची आखणी

सांगली-मिरजेहून, रत्नागिरीहून, नांदेडहून विशारद होऊन मुंबईत येणाऱ्या मुलामुलींची हाताची तयारी बहुतेक वेळा चांगली असते. अडतं ते दिवसाच्या आखणीत. नोकरी करणाऱ्याला ऑफिसची वेळ तरी असते. आपल्याकडे कार्यक्रम संध्याकाळी, शिकवणी दुपारी आणि रेकॉर्डिंगचा फोन कधीही. अशा दिवसांत सगळ्यात आधी रियाज सुटतो आणि पाठोपाठ वाचन. रियाज सुटल्याचं चार जाणकार लगेच सांगतात. वाचन सुटल्याचं कोणी सांगत नाही, म्हणून ते परत सुरू होत नाही.

मी हार्मोनिअमची साथ करते आणि डोंबिवलीत राहते, त्यामुळे उदाहरणं पेटीची आणि मध्य रेल्वेची येतील. तबला, व्हायोलिन, बासरी वाजवणाऱ्यांनी आपापल्या सोयीने बदल करून घ्यावेत. वाचन हा साथीदाराच्या कामाचाच भाग आहे, उरलेल्या वेळातली हौस नाही, हे धरून मी पुढचं सगळं सांगते आहे. त्यामागे दोन कारणं आहेत. वाचनाने गाण्याचे शब्द कळतात आणि वाचताना कानाला विश्रांती मिळते. दोन्हींबद्दल पुढे सविस्तर येईलच.

आधी घराचं

भाडं बघूनच घर ठरतं, हे मान्य. तरी नकाशा समोर ठेवून एक गोष्ट तपासा. मराठी कार्यक्रमांचे हॉल कुठे आहेत? दादरला शिवाजी मंदिर, माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिर, प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिर, पार्ल्याला दीनानाथ, गिरगावात साहित्य संघ, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडला कालिदास, ठाण्याला गडकरी रंगायतन, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले, कल्याणला अत्रे. नीट पाहिलंत तर ठाणे-डोंबिवली पट्ट्यात राहणारा माणूस फारसा तोट्यात नाही. आपण दुपारी तीन-चारला शहराकडे निघतो, तेव्हा गर्दीचा रेटा उलट दिशेला जायच्या तयारीत असतो. रात्री दहानंतर परततो, तेव्हा तो ओसरलेला असतो. दादरला राहून संध्याकाळी सहाला पेटी घेऊन कल्याणला जाणं त्याहून कितीतरी अवघड. असा कार्यक्रम असेल तर चारच्या आत घर सोडा आणि कल्याणलाच जाऊन बसा.

अनामत रक्कम देण्याआधी घरमालकाला स्पष्ट विचारा: सकाळी सहा वाजता वाद्य वाजलेलं चालेल का? शेजाऱ्यांनाही एकदा भेटून या. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि सकाळच्या रियाजावरून कुरबूर सुरू झाली की ते अकरा महिने फार लांबतात. पेटीवाल्यांसाठी एक उपाय आहे. समोरच्या ओढायच्या खुंट्यांपैकी एकाच सुराची खुंटी उघडा, बाकी बंद ठेवा, भाता हलका ठेवा आणि पेटीखाली जाड सतरंजी घ्या. आवाज भिंतीपलीकडे फार जात नाही आणि बोटांचं काम पूर्ण होतं.

सकाळ: फोन नंतर, पेटी आधी

रात्री साडेबाराला घरी आलेल्या माणसाला पहाटे चारला उठा म्हणणं चुकीचं आहे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी रियाज दोन तास पुढे ढकला, पण त्याचं दिवसातलं स्थान हलवू नका. उठणं, चहा, पेटी. फोन त्यानंतर. एकदा फोन हातात घेतला की कोणाचा तरी निरोप असतो, त्याला उत्तर द्यावं लागतं आणि सकाळ गेली.

रियाजात काय करायचं, हे तुमच्या गुरूंनी सांगितलेलं असेलच. मुंबईत साथीला बसायचं म्हणून त्यात एका गोष्टीची भर घाला: पट्ट्या बदलून वाजवणं. गायकाचा ‘सा’ पेटीच्या ज्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर लागतो, ती त्याची पट्टी. एकाच आठवड्यात एक गायक काळी एकमध्ये गातो, दुसऱ्याला काळी दोन लागते, गायिका काळी चार सांगते आणि शाळेतली मुलं पांढरी चारमध्ये. स्केलचेंजर पेटी (पट्ट्यांची फळी सरकवून ‘सा’ बदलता येणारी) असली तरी ती दर वेळी तुमच्यासोबत असेलच असं नाही. हॉलवर समोर येईल ती साधी पेटी वाजवावी लागते. म्हणून रोज एक पट्टी धरा आणि स्केल न हलवता त्या पट्टीतून अलंकार (सरावाच्या स्वरांचे नमुने), मग एक ओळखीचं पद वाजवा. सोमवारी काळी एक, मंगळवारी काळी दोन, असं चक्र ठेवलं की दोन-तीन महिन्यांत बोटं कुठेही अडखळत नाहीत.

रियाज संपला की पेटी बंद करायच्या आधी पुस्तकाची दोन पानं वाचा. दोनच, पण संगीतावरची. मुंबईत राहून संगीत करणाऱ्याने विष्णु नारायण भातखंड्यांपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. त्यांचा जन्म १८६० चा, इथल्याच वाळकेश्वरचा. पेशाने वकील. त्यांनी हिंदुस्थानी संगीत पद्धतीवरचे चार मोठे भाग मराठीत लिहिले, तेही गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतात, मध्येच कुठल्या गायकाकडून काय ऐकलं त्याच्या हकिगती येतात. भाषा जुनी आहे, आठवडाभरात तिची सवय होते. एका दमात वाचायचं हे लेखन नाही. रोज दोन पानं आणि त्यात आलेला राग लगेच पेटीवर लावून बघायचा, असं वाचलं तर वर्षभर पुरतं आणि वर्षभर शिकवतं.

शब्द वाचल्याशिवाय साथीला बसू नका

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण नव्या साथीदारांचं लक्ष सगळ्यात कमी इथे जातं.

कार्यक्रम ठरला की गायकाकडून किंवा निवेदकाकडून गाण्यांची यादी मागून घ्या. चाल ऐकायला सगळेच बसतात. तुम्ही आदल्या दिवशी शब्द कागदावर उतरवून काढा आणि गाणं बाजूला ठेवून ते कवितेसारखे वाचा, मोठ्याने. गायक श्वास कुठे घेईल, कुठल्या अक्षरावर रेंगाळेल, ओळ कुठे पूर्ण होईल, याचा अंदाज शब्दांतच असतो.

अभंगाचं उदाहरण घ्या. मोठ्या अभंगात चार चरण असतात आणि त्यांची अक्षरं सहा, सहा, सहा, चार अशी पडतात. तुकोबांचा सगळ्यांना पाठ असलेला अभंग बोटांवर मोजून बघा: ‘सुंदर ते ध्यान’ सहा, ‘उभे विटेवरी’ सहा, ‘कर कटावरी’ सहा, ‘ठेवोनिया’ चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, विटेवरी-कटावरी, त्यामुळे आवाज त्या दोन ठिकाणी टेकतो. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा आहे. बऱ्याच चालींत तिथेच थोडी मोकळी जागा उरते. गायक तिथे सूर लांबवतो किंवा श्वास घेतो आणि पेटीने भरायचा छोटा तुकडा तिथेच शोभतो. हे ज्याने वाचून समजून घेतलंय तो पहिल्या तीन चरणांत गप्प राहून गायकाच्या मागे चालतो आणि चौथ्याला आपला सूर देतो. ज्याने वाचलेलं नाही तो चारही चरणांत सारखं वाजवतो आणि शब्द झाकून टाकतो. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात, तिथे ही जागा वेगळीकडे पडते. साक्या, दिंड्या, ओव्या यांचंही तसंच. वृत्तांची माहिती शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकातही मिळते, त्यासाठी मोठा ग्रंथ लागत नाही.

हे सगळं एका वहीत लिहीत जा. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर गायकाची पट्टी, ठेका, मुखडा कितव्या मात्रेला उचलायचा आणि अवघड जागांचं स्वरलेखन. भातखंडे पद्धत लिहायला सोपी आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणारे खूप आहेत, पण मंचावर अंधारात स्क्रीन सरकवत बसणं मला पटत नाही. वही उघडी राहते, तिची बॅटरी संपत नाही आणि दोन वर्षांनी तोच गायक पुन्हा भेटला की जुनं पान कामी येतं.

आपल्या वाद्याचा इतिहास वाचणंही असंच उपयोगी पडतं. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनिअमला बंदी होती. आक्षेप असा की पेटीचे स्वर पक्के बांधलेले, तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) नाही, श्रुती (स्वरांमधली बारीक अंतरं) नाहीत. हा वाद मुळातून वाचला की आपल्या हातात फरक पडतो. गायक मींड घेत असताना मधल्या पायऱ्या एकेक करून वाजवायच्या नाहीत, सुरुवातीचा सूर धरून ठेवायचा आणि तो शेवटच्या सुरावर पोचला की तिथे भेटायचं, हे मला शिकवणीत सांगितलं होतं. ते का, हे वाचनाने कळलं. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर या पेटीवादकांबद्दल मराठीत जे मिळेल ते वाचा. यांनी त्या आक्षेपाला वाजवून उत्तर दिलं आहे.

दुपार आणि शिकवण्या

घरभाडं निघतं ते बहुतेकांचं शिकवणीतून. मुलांच्या शिकवण्या चार ते सातमध्ये येतात आणि कार्यक्रम शुक्रवार ते रविवारी जास्त असतात, म्हणून शिकवण्या सोमवार ते गुरुवार ठेवा. अमेरिकेतल्या मराठी मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या मिळतात, पैसेही बरे मिळतात, पण तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. सहा-सात वाजता कोणाला तरी सारेगम शिकवत बसलात की स्वतःचा रियाज गेला. आठवड्यात दोन सकाळी त्यांना द्या, त्यापुढे नाही म्हणा.

जेवणानंतर अर्धा-पाऊण तास झोप काढा. आळस म्हणून नाही, रात्री अकरापर्यंत ताजं राहायचं आहे म्हणून. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, तीन तास मांडी घालून बसणं, यात पाठीचा खालचा भाग दुखावतो. निघायच्या आधी दहा मिनिटं पाठ आणि मनगटं मोकळी करा.

लोकल: कान बंद, डोळे उघडे

दुपारी शहराकडे जाताना स्लो गाडी पकडा. फास्टने वीसेक मिनिटं वाचतात, पण उभं राहावं लागतं. डोंबिवलीहून सुटणारी स्लो मिळाली तर खिडकी मिळते आणि दादरपर्यंत तासभर सलग वाचता येतं. आठवड्यात चार वेळा असा प्रवास झाला की महिन्याला दोन पुस्तकं सहज होतात. मुंबईत साथीदाराला मिळणारा हा सर्वांत शांत, सलग वेळ आहे. तो इयरफोन लावून घालवू नका.

हे मी आग्रहाने का सांगते? आपलं काम कानाचं आहे आणि या शहरात कानाला सुटी नाही. कार्यक्रमात समोरचा मॉनिटर (मंचावरच्यांकडे तोंड केलेला स्पीकर), शेजारी तबला-पखवाज, टाळ, ढोलकी; बाहेर हॉर्न; गाडीत खडखडाट आणि त्यावर मात करायला आवाज वाढवलेले इयरफोन. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त कानावर पडू नये आणि त्यावर दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. मोठ्या मॉनिटरसमोर बसलेल्या साथीदाराचा दिवसाचा वाटा कार्यक्रमातच संपतो. प्रवासात नवीन आवाज भरायला जागाच उरत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इयरप्लग स्वस्तात मिळतात. ते गाडीत घाला आणि पुस्तक उघडा. फक्त स्टेशनांकडे आणि सामानाकडे लक्ष असू द्या. संध्याकाळी पहिला सा लावताना फरक जाणवतो. ज्या दिवशी प्रवासात वाचलेलं असतं त्या दिवशी सूर पटकन जुळतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

गाणी ऐकायचीच नाहीत का? ऐकायची, पण घरी, बसून, चांगल्या स्पीकरवर, आवाज कमी ठेवून.

गाडीतल्या वाचनासाठी पुस्तक निवडतानाही विचार करा. हातात मावणारं, मऊ बांधणीचं, मध्येच मिटता येईल असं. कथासंग्रह, व्यक्तिचित्रं, प्रवासवर्णनं, पत्रं. जाडजूड कादंबरी घरी उशाशी बरी. चरित्रं मात्र मी गाडीतच वाचते, कारण प्रकरणं बेताची असतात आणि ठाण्यापर्यंत एक, दादरपर्यंत दुसरं असा हिशेब बसतो.

पेटीसह प्रवास करायचा असेल तर लगेजचा डबा बरा, त्यात उभं राहायची तयारी ठेवा. सकाळी आठ ते अकरा शहराकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उपनगरांकडे पेटी घेऊन गाडीत चढायचा विचारच करू नका. त्या वेळेला टॅक्सी करा आणि तिचं भाडं मानधन ठरवतानाच वेगळं सांगा.

हॉलवर

साउंड चेकला वेळेवर पोचणं ही नव्या माणसाची पहिली ओळख. साउंडवाल्याचं नाव विचारा आणि त्याला नावाने हाक मारा. पेटीचा माइक भात्याच्या अगदी जवळ नको, वारा आणि भात्याची धडधड पकडतो. मॉनिटरमध्ये तुम्हाला गायकाचा आवाज आणि तानपुरा हवा, स्वतःची पेटी थोडीच. पेटी तर तुमच्या मांडीशीच वाजते आहे.

साउंड चेक साडेपाचला आटोपतो आणि कार्यक्रम आठ-साडेआठचा असतो. हे अडीच-तीन तास सगळ्यांत जास्त वाया जातात. ग्रीन रूममध्ये गप्पा होतात, त्या व्हाव्यातच, कारण कामं तिथूनच मिळतात आणि जुन्या लोकांच्या आठवणी तिथेच ऐकायला मिळतात. पण सगळा वेळ गप्पांत घालवू नका. रंगभूषेच्या आरशाभोवतीचे दिवे वाचायला उत्तम असतात, त्यातली एक खुर्ची धरा आणि तासभर वाचा. वेळ घालवायला फोनवर चित्रफिती बघितल्या तर मंचावर बसताना डोक्यात दुसरीच गाणी घुमत असतात. पुस्तकाने तसं होत नाही. खाणं सहाच्या आसपास आणि बेताचं. हॉलच्या कँटीनचा गरम बटाटावडा एक पुरे, बाकी मध्यंतरानंतर.

तिसऱ्या घंटेच्या आधी वही पेटीच्या डाव्या अंगाला ठेवा, पाण्याची बाटली पेटीपासून लांब. एवढं झालं की मग वाजवणं.

रात्र

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावून होणारे कार्यक्रम रात्री दहाला थांबवावे लागतात. हा नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत परवानगी देतं. बंदिस्त नाट्यगृहांतले कार्यक्रम मात्र अकरापर्यंत चालतात. रात्री साधारण एक ते चारच्या दरम्यान लोकल बंद असतात, म्हणून तुमच्या मार्गावरच्या शेवटच्या तीन गाड्यांच्या वेळा वहीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. शेवटच्या गाडीवर कधीच विसंबू नका, तिच्या आधीची आपली समजा. मुलींनी महिलांच्या डब्यात, जिथे रात्री पोलीस बसलेला असतो तिथेच बसावं. स्टेशनपासून घरापर्यंतच्या रिक्षाची सोय आधी करून ठेवावी आणि आयोजकांकडे परतीच्या गाडीची मागणी संकोच न करता करावी. अनुभवी आयोजक ती मान्य करतात.

घरी पोचल्यावर लगेच झोप लागत नाही. कानात गाणं चालूच असतं. या वेळेला कविता वाचाव्यात, असं माझं मत. चार कविता, हळू, मनातल्या मनात. कथा-कादंबरी घेतली तर पुढे काय होतं या ओढीने दोन वाजतात आणि दुसऱ्या दिवसाचा रियाज बुडतो.

रविवारचं वेगळं लक्षात ठेवा. मध्य आणि हार्बर मार्गावर बऱ्याच रविवारी दिवसा मेगाब्लॉक असतो आणि दुपारचे प्रयोग नेमके रविवारीच. शनिवारी वेळापत्रक बघून दीड तास आधी निघा. लवकर पोचलात तर वाचायला पुस्तक आहेच.

पैसे

मानधनाचा आकडा, प्रवासखर्च आणि पैसे कधी मिळणार, हे तिन्ही होकार देतानाच लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोपही चालतो. नाटकाच्या प्रयोगाला ‘नाइट’ (एका प्रयोगाचं मानधन) ठरते, ती प्रयोगाच्या रात्रीच मिळायची पद्धत आहे. संस्था पैसे देताना बहुधा १० टक्के टीडीएस कापतात. त्याची नोंद तुमच्या पॅनवर होते आहे ना ते बघा आणि वर्षाअखेर विवरणपत्र भरा, म्हणजे जास्तीचा कर परत मिळतो. दर महिन्याच्या कमाईतून पुस्तकांसाठी रक्कम बाजूला काढा, थोडी का होईना.

कामाचा हंगाम नवरात्र-दिवाळीपासून मार्चपर्यंत. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम भल्या सकाळी असतात, त्या आठवड्यात सगळा दिवसच उलटा होतो. आषाढीला अभंगांचे कार्यक्रम आणि गणेशोत्सव सोडला तर पावसाळा कोरडा जातो, त्यासाठी हंगामातच शिल्लक टाका. पावसाळा मोठ्या वाचनाचा काळ. तेव्हाच जाड ग्रंथ हातात घ्या.

पावसाळ्यात पेटी आणि पुस्तकं

मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगतं, चामडं ओलावतं, स्प्रिंगा गंजतात. पट्टी दाबली की वर येत नाही, ही जुलैमधली नेहमीची तक्रार. त्यावर तेल कधीच घालू नका. पेटी कोरड्या खोलीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, दर पंधरवड्याला त्या बदला आणि रोज निदान वीस मिनिटं पेटी वाजवा. वापरातली पेटी कमी बिघडते.

एखादा सूर अचानक मुका झाला तर बहुतेक वेळा पितळी जिभेखाली धुळीचा कण अडकलेला असतो. आधी ती पट्टी दाबून भाता जोरात मारून बघा, कण आपसूक निघतो. नाहीच निघाला तर पेटी उघडून, सूर बसवलेली फळी उजेडात धरून, पातळ कागदाची पट्टी जिभेखालून अलगद सरकवायची. कण खाली पडतो. जीभ नखाने किंवा पिनेने उचलायची नाही, ती किंचित वाकली तरी सूर उतरतो-चढतो आणि मग कारागिराशिवाय इलाज नाही. सूर मिळवण्याचं काम कारागिराकडेच द्या. दादरला हरिभाऊ विश्वनाथसारखी वाद्यांची जुनी दुकानं आहेत. दुरुस्ती हंगामाआधी, पावसाळा ओसरताच करून घ्या, दिवाळीच्या तोंडावर तिथे रांग असते.

पुस्तकांनाही हाच ओलावा मारतो. भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे दोन बोटं जागा सोडा. पिशवीतलं पुस्तक जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. वाचनालयाचं पुस्तक भिजलं तर किंमत भरावी लागते आणि दुर्मीळ असेल तर किंमत भरूनही ते परत येत नाही.

पुस्तकं कुठून आणायची

सगळी विकत घ्यायची गरज नाही. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं, शहरभर त्याच्या शाखा आहेत. दादर पश्चिमेला दादर सार्वजनिक वाचनालय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. पार्ल्याला लोकमान्य सेवा संघ. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी. तुम्ही रोज ज्या स्टेशनवर उतरता त्याच्या जवळचं वाचनालय निवडा, घराजवळचं नव्हे. आपण घरी असतो तेव्हा वाचनालय बहुधा बंद असतं आणि कामाला निघतो तेव्हा कामाच्या ठिकाणचं उघडं. अनामत, वर्गणी, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. भाड्याच्या घराचा करार चालतो का, ते आधी विचारून जा.

सभासद झालात की ग्रंथपालांना सांगा की तुम्ही वाजवता. संगीतावरची जुनी पुस्तकं, नाट्यपदांचे संग्रह, कलावंतांच्या आठवणी कपाटात मागे पडलेल्या असतात, यादीत शोधून सापडतीलच असं नाही. ग्रंथपालांना ती माहीत असतात आणि मागणारा भेटला की ते आनंदाने काढून देतात.

विकत घ्यायची ती पुन्हा पुन्हा लागणारी: शब्दकोश, संतांच्या गाथा, पदांचे संग्रह, आवडत्या कवींचे संग्रह. नवी पुस्तकं दादर पश्चिमेला आयडियलमध्ये, जुनी हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला. फुटपाथवर इंग्रजी ढिगाखाली मराठी पुस्तकं दबलेली असतात, वाकून शोधावी लागतात. किमतीत घासाघीस चालते, पण पान न पान तपासून घ्या.

दिवाळी अंकांसाठी वेगळी व्यवस्था करा. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा आपल्या धावपळीच्या दिवसांना फार सोयीची आहे. अंकातला एक लेख किंवा एक कथा म्हणजे एका बाजूचा प्रवास. ऐन दिवाळीत आपल्याला मान वर करायला वेळ नसतो, पण बरीच वाचनालयं ठराविक शुल्कात पुढचे काही महिने अंक वाचायला देण्याची योजना काढतात. तिची नोंदणी दिवाळीच्या आधीच सुरू होते, म्हणून गणपती गेले की लगेच चौकशी करा. डिसेंबर ते फेब्रुवारीत सलग कार्यक्रम असताना हे अंकच पिशवीत ठेवा: वजनाला हलके, दुमडले तरी चालतात आणि एक संपला की हॉलवर जाताना बदलून घेता येतो.